मोकळ्या संध्याकाळी कोणता मराठी चित्रपट पाहावा? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास मला हमखास एक-दोन फोन येतात. कोणाकडे पाहुणे आलेले असतात, कोणाची परीक्षा संपलेली असते, कोणाला नुसतेच निवांत बसायचे असते, आणि प्रत्येकाला संध्याकाळी लावण्यासाठी एखाद्या मराठी चित्रपटाचे नाव हवे असते. गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची माझ्या परीने दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

आज संध्याकाळ मोकळी आहे. एक चांगला मराठी चित्रपट सुचवाल का?

नाव सांगण्यापूर्वी मी तीन गोष्टी विचारते : समोर कोण कोण बसणार आहे, हाताशी वेळ किती आहे आणि दिवस कसा गेला आहे. चित्रपट चांगला असणे पुरेसे नसते, तो त्या संध्याकाळी त्या माणसांना झेपावा लागतो. हे मी एका चुकीतून शिकले. नात्यातल्या एका कुटुंबाला मी मोठ्या उत्साहाने संदीप सावंत यांचा ‘श्वास’ पाहायला सांगितले होते. २००४ साली प्रदर्शित झालेला, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळवणारा आणि ऑस्करसाठी भारतातर्फे पाठवलेला हा चित्रपट मला अतिशय प्रिय आहे. डोळ्याच्या कर्करोगामुळे दृष्टी गमावणार असलेला नातू आणि त्याला शस्त्रक्रियेपूर्वी जग डोळे भरून दाखवू पाहणारे आजोबा, एवढीच त्याची कथा. पण त्या घरातील मंडळी आदल्याच आठवड्यात एका लहान मुलाला घेऊन रुग्णालयातून परतली होती, आणि ते मी विचारलेच नव्हते. अर्ध्या तासात त्यांनी चित्रपट बंद केला. त्या दिवसापासून मी आधी विचारपूस करते आणि मगच नाव सांगते.

काहीच ठाऊक नसताना एकच नाव सांगायचे झाले, तर कोणते सांगाल?

परेश मोकाशी यांचा २००९ सालचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. दादासाहेब फाळके यांनी छपाईचा व्यवसाय सोडून चलचित्रांचा ध्यास कसा घेतला, घरातील चीजवस्तू विकून आणि विलायतेला जाऊन कॅमेरा कसा आणला आणि सगळ्या कुटुंबाला कामाला लावून ‘राजा हरिश्चंद्र’ कसा पूर्ण केला, याची ही हकीकत आहे. विषय इतिहासाचा असूनही चित्रपटात कोठेही जडपणा नाही. अडचणींचा डोंगर समोर असताना फाळके पती-पत्नी ज्या प्रसन्नतेने वावरतात, ती प्रसन्नता पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचते. लांबी पावणेदोन तासांच्या आत आहे, भाषा सोपी आहे, आणि आठ वर्षांच्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या आजोबांपर्यंत कोणाचीही अडचण होईल असे त्यात काहीही नाही. नंदू माधव यांचे फाळके पाहिल्यावर पाठ्यपुस्तकातील तो धडा पुन्हा कोरडा वाटणार नाही, याची मला खात्री आहे.

घरात लहान मुले आहेत आणि वडीलधारी मंडळीही आहेत. सगळ्यांना एकत्र काय पाहता येईल?

‘एलिझाबेथ एकादशी’ हे माझे पहिले उत्तर असते. हाही परेश मोकाशी यांचाच, २०१४ सालचा. पंढरपुरातील एक मुलगा आणि त्याची धाकटी बहीण, वडिलांनी बनवलेली ‘एलिझाबेथ’ नावाची सायकल, डोक्यावर कर्ज असलेली आई आणि तोंडावर आलेली एकादशीची गर्दी, असा हा मामला आहे. सायकल विकावी लागू नये म्हणून मुले यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. या चित्रपटातले पंढरपूर पर्यटकाला दिसणारे नाही. तेथे घर असलेल्यांना यात्रेच्या दिवसांत जे दिसते, ते येथे दिसते. वारीला जाऊन आलेल्या आजी-आजोबांना त्या गल्ल्या ओळखीच्या वाटतात आणि मुलांना त्या भावंडांची धडपड आपली वाटते. एकाच पडद्यावर दोन पिढ्यांना आपापले काही सापडणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

गावाकडच्या मोकळ्या विनोदाची आवड असेल, तर उमेश कुलकर्णी यांचा ‘वळू’ (२००८) लावावा. गावाने सोडलेला वळू उधळल्याची तक्रार होते, त्याला पकडायला वनाधिकारी येतो आणि सगळा गाव त्या मोहिमेत आपले जुने हिशेब मिसळू लागतो. मुले दहा-बारा वर्षांपुढची असतील आणि घरात शांतपणे पाहण्याची सवय असेल, तर अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ सुचवते. वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे कोकणातील गावात आलेल्या मुलाची ही गोष्ट आहे आणि २०१४ च्या बर्लिन महोत्सवात बालपरीक्षकांनी तिला स्फटिक अस्वलाचा पुरस्कार दिला होता. पावसातला समुद्र, किल्ल्याचे ओले दगड आणि मुलांची बेफिकीर मैत्री यांचे चित्रण शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहावे. ‘किल्ला’ मोबाइलवर पाहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आम्हाला केवळ मनसोक्त हसायचे आहे. काय पाहावे?

सचिन पिळगावकर यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ बहुतेकांनी पाहिलेला असतो, तरीही मी तो सुचवते, कारण तो एकट्याने पाहणे आणि दहा जणांत पाहणे हे दोन वेगळे अनुभव आहेत. १९८८ च्या या चित्रपटाचे मूळ हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ या १९६६ च्या हिंदी चित्रपटात आहे. परंतु वसंत सबनीस यांच्या संवादांनी तो इतका पुण्याचा करून टाकला की, मूळ कथा बाहेरची आहे हे सांगूनही कोणाला पटत नाही. भाड्याची खोली मिळत नाही म्हणून दोघांनी बायकांची सोंगे घ्यावीत, ही कल्पना ज्याने कधी पुण्यात बिऱ्हाडासाठी वणवण केली आहे त्याला फारशी अतिशयोक्तीची वाटत नाही. अशोक सराफ यांच्याकडे जरा बारकाईने लक्ष द्यावे : इतर जण बोलत असताना ते ऐकतात कसे, हे पाहण्यासारखे आहे. मात्र लांबी अडीच तासांहून अधिक आहे, त्यामुळे जेवणे आधी आटोपून घ्यावीत.

हा चित्रपट तोंडपाठ असणाऱ्यांनी थोडे मागे जाऊन राजा परांजपे यांचा ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) पाहावा. ग. दि. माडगूळकर यांची लेखणी, सुधीर फडके यांचे संगीत आणि राजा गोसावी यांचा अवखळ वावर यांचे ते रसायन आजही ताजे आहे.

जुने कृष्णधवल चित्रपट आम्हाला संथ वाटतात. तरीही ते पाहावेत का?

या प्रश्नाचे उत्तर देताना मी सर्वांत जास्त वेळ घेते, कारण आपल्याकडचे अत्यंत मौल्यवान चित्रपट याच एका भीतीपायी न पाहिलेले राहतात.

सुरुवात प्रभात या चित्रसंस्थेच्या ‘संत तुकाराम’पासून करावी. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३६ साली आला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा जगातील निवडक चित्रपटांमध्ये गौरव झाला. पण हा गौरव बाजूला ठेवून पाहावे. विष्णुपंत पागनीस तुकोबांची भूमिका करताना अभिनय करत आहेत असे क्षणभरही वाटत नाही. त्यांचा चेहरा, त्यांचे गाणे आणि त्यांचे चालणे एकाच शांततेतून आलेले आहे. आणि या शांततेसमोर उभी आहे गौरी या अभिनेत्रीने साकारलेली जिजाई. घरात दाणा नाही, मूल आजारी आहे आणि नवरा विठ्ठलाच्या नामात दंग आहे, अशा वेळी ती मुलाला ओढत देवळात नेते आणि हातात पायताण घेऊन देवालाच जाब विचारते. भक्तीच्या चित्रपटात भक्ताच्या बायकोची बाजू इतक्या खरेपणाने मांडण्याचे धैर्य त्या मंडळींकडे होते, हे पाहिल्यावर ‘जुना’ हा शब्द मनातून निघून जातो. ज्यांना गाण्यांची आवड आहे त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगते : ‘आधी बीज एकले’ हे त्यातील पद शांताराम आठवले यांनी लिहिले आहे, पण ते तुकोबांच्या वाणीशी इतके एकरूप झाले की, अनेक जण आजही तो गाथेतला अभंग समजतात.

दुसरे नाव व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’चे (१९३७). ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो घेतला आहे. फसवून एका वयस्क विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मनाने कधीच मान्य करत नाही आणि त्याच घरात राहून आपला नकार ठामपणे जपते. शांता आपटे यांची नीरा रडत बसत नाही, आणि केशवराव दाते यांचा वृद्ध नवरा हा निव्वळ खलनायक नाही. आपल्या हातून काय झाले आहे हे त्याला हळूहळू उमगत जाते आणि ते उमगणे फार वेदनादायक आहे. चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, घरातले आणि रस्त्यावरचे आवाजच ते काम करतात. घड्याळाच्या ठोक्यांकडे कान ठेवावा.

पाहण्याच्या पद्धतीविषयी एक सूचना. अशा चित्रपटांची पहिली पंधरा मिनिटे डोळ्यांना आणि कानांना सवय होण्यासाठी सोडून द्यावीत. आवाज थोडा वाढवावा, खोलीतला उजेड कमी करावा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवावेत. माझ्या अनुभवात संथपणाची तक्रार विसाव्या मिनिटानंतर क्वचितच ऐकू येते.

राजकारणावरचा एखादा चांगला चित्रपट आहे का?

एक नाही, तीन आहेत. ते एकाच आठवड्यात पाहता आले तर महाराष्ट्राच्या चार दशकांचा प्रवास समोर उभा राहतो.

विजय तेंडुलकर यांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘सामना’ १९७५ साली बर्लिन महोत्सवात गेला होता. साखर कारखान्याच्या जोरावर सारा परिसर मुठीत ठेवणारा हिंदुराव आणि कोठून तरी भटकत आलेला, व्यसनात बुडालेला एक मास्तर यांच्यातला हा संघर्ष आहे. मास्तर नाहीशा झालेल्या एका माणसाविषयी एकच प्रश्न विचारत राहतो, आणि त्या प्रश्नाने हळूहळू सगळा डोलारा हलू लागतो. निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर बसलेले असतात, तेव्हा दिग्दर्शकाने कॅमेरा फारसा हलवला नाही हे योग्यच केले. ‘सिंहासन’ (१९७९) त्याच जोडीचा. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर तो आधारित असून मुख्यमंत्रिपदाभोवतीच्या हालचाली एका पत्रकाराच्या नजरेतून दाखवतो. पात्रे पुष्कळ आहेत, त्यामुळे मध्येच उठून जाऊ नये. तिसरा ‘देऊळ’ (२०११), उमेश कुलकर्णी यांचा. एका साध्याभोळ्या तरुणाला झालेल्या दत्ताच्या दर्शनातून गावात देवस्थान, बाजारपेठ आणि सत्ता कशी उभी राहते हे त्यात दिसते. ‘सामना’तल्या साखर कारखान्याची जागा येथे देवळाने घेतली आहे, हे लागोपाठ पाहिल्याशिवाय जाणवत नाही.

मन अस्वस्थ करणारा चित्रपट मोकळ्या संध्याकाळी का पाहावा?

कारण अशा चित्रपटाला लागणारे पूर्ण लक्ष कामाच्या दिवशी देता येत नाही. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ मी दरवेळी याच कारणासाठी सुट्टीच्या दिवशी सुचवते. वर्गातल्या मुलीवर जीव जडलेला जब्या आणि गावात शिरलेली डुकरे पकडण्याचे काम गळ्यात पडलेले त्याचे कुटुंब यांची ही गोष्ट सुरुवातीला किशोरवयातल्या प्रेमाची वाटते. प्रेक्षक गोडव्यात रमलेला असताना दिग्दर्शक त्याला ज्या जागी आणून उभे करतो, तेथून मान वळवता येत नाही. शेवट मी सांगणार नाही, आणि पाहिलेल्यांनीही इतरांना सांगू नये. सोमनाथ अवघडे या मुलाला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. किशोर कदम यांनी उभा केलेला बाप त्याच तोलाचा आहे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये एका वृद्ध लोकशाहिरावर असा आरोप आहे की, त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. मुंबईच्या कनिष्ठ न्यायालयातील त्या खटल्याच्या तारखा पडत राहतात. दृश्ये लांबलचक आहेत आणि कॅमेरा स्थिर आहे. न्यायालयात ताटकळलेल्या माणसाचा वेळ कसा जातो ते प्रेक्षकाला अंगावर घेता यावे, हा त्यामागचा हेतू आहे. ज्यांना वेगवान कथानक हवे असते, त्यांना मी हा सुचवत नाही. ‘सैराट’ (२०१६) मात्र गाणी ठाऊक आहेत म्हणून लहान मुलांसह लावला जातो, ते टाळावे. उत्तरार्ध त्यांच्यासाठी नाही.

घरात कोणी मानसिक आजाराशी किंवा स्मृतिभ्रंशाशी झुंजत असेल, तर त्या विषयावरचे चित्रपट पाहावेत का?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटांविषयी हे विचारले जाते, आणि ते साहजिक आहे. ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया आहे, ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश झालेला संस्कृतचा विद्वान आहे, आणि सुवर्णकमळ मिळवणाऱ्या ‘कासव’मध्ये नैराश्याने खचलेला तरुण आहे. तिन्ही चित्रपट आजाराचा तमाशा करत नाहीत. ‘अस्तु’त हत्तीच्या मागे चालत गेलेल्या त्या विद्वान आप्पांना सांभाळणारी, माहुताची बायको झालेली अमृता सुभाष आजाराचे नाव जाणत नाही, तरी त्या वृद्धाला लेकराप्रमाणे घास भरवते. सेवा करून थकलेल्या माणसाला हा प्रसंग बळ देतो. तरीही ज्याला त्रास होत आहे त्याला विचारून, त्याची तयारी असेल तरच हे चित्रपट लावावेत. घरच्यांनी आधी स्वतः पाहावा, हे अधिक सुरक्षित.

गाण्यांसाठी पाहावा असा चित्रपट कोणता?

‘जैत रे जैत’ (१९७७). गो. नी. दांडेकर यांची कादंबरी, ना. धों. महानोर यांची गीते, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आणि ठाकर समाजाच्या जगण्यात मुरलेली स्मिता पाटील. नाट्यसंगीताची ओढ असलेल्या घरांत ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) चालतो.

कादंबरी आधी वाचावी की चित्रपट आधी पाहावा?

माझे मत चित्रपट आधी, असे आहे. कादंबरी वाचून पडद्यापुढे बसलेला माणूस काय गाळले याचीच नोंद करत राहतो. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ वाचलेल्या माझ्या परिचितांपैकी बहुतेकांना सुजय डहाके यांचा चित्रपट अपुरा वाटला, आणि ज्यांनी चित्रपट आधी पाहिला ते आपण होऊन पुस्तकाकडे वळले. ‘श्यामची आई’चा अपवाद करावा. साने गुरुजींचे पुस्तक घराघरांत आधीपासूनच असते, आणि आचार्य अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट, ज्याला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, ते वाचन मनात ठेवूनच पाहावा.

आम्ही परदेशात राहतो. मुलांना मराठी समजते, पण सलग ऐकण्याची सवय नाही. कोठून सुरुवात करावी?

संवाद कमी आणि दृश्ये बोलकी असलेल्या चित्रपटांपासून. ‘किल्ला’ त्या दृष्टीने उत्तम आहे. बनवाबनवीसारखे शब्दांच्या कसरतीवर उभे असलेले चित्रपट नंतर घ्यावेत, कारण कोटी समजावून सांगावी लागली की हसू येत नाही. इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवण्यात काहीही कमीपणा मानू नये. फक्त दुसऱ्यांदा पाहताना ती बंद करावीत.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरून काही कळते का?

थोडेफार कळते. अलीकडच्या चित्रपटांना ‘यूए’मध्ये, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या वर्गात, ७, १३ आणि १६ वर्षांपुढील असे पोटविभाग दिलेले असतात, ते पाहून घ्यावेत. जुन्यांच्या बाबतीत पाहिलेल्या माणसाला विचारणे बरे.

हे चित्रपट कोठे मिळतील?

ओटीटी मंचांवरची यादी सतत बदलत असल्यामुळे मी ठरावीक ठिकाण सांगत नाही. आदल्या दिवशीच शोधून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी मंडळी ताटकळत नाहीत. समूहांमधून फिरणाऱ्या चोरट्या प्रती मात्र घेऊ नयेत. मराठी निर्मात्याच्या हाती मुळातच थोडे लागते.

एकाच संध्याकाळी दोन चित्रपट पाहावेत का?

शक्यतो नको. एक अपवाद मी आवर्जून सांगते. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ संपल्यावर फाळके यांच्या मूळ ‘राजा हरिश्चंद्र’चा आज शिल्लक असलेला भाग लावावा. हा मूकपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली आहे, कारण काम करायला स्त्री मिळाली नव्हती. फॅक्टरीत साडी नेसून वावरणारे पुरुष नुकतेच पाहिलेले असतात, त्यामुळे पडद्यावर खरी तारामती आली की मुले ताडकन उठून तिला ओळखतात.